पाण्यातली हाक

एकदा एका जलाशयावर, भाद्रपद सरत आला असताना, एक वृद्ध ढीवर आपल्या डोंग्यात जाळे न ठेवताच पाण्यात निघाला.

पाळीवर, म्हणजे जलाशयाच्या बांधावर, उभ्या असलेल्या त्याच्या शिष्येला ते लगेच खटकले. तिच्या नजरेला चुकलेली गोष्ट आधी दिसे, बरी गोष्ट जरा उशिरा. भांडे घरंगळले तरी ती दचकत असे, आणि तिचे हे दचकणे ढीवरांच्या टोलीत, त्या सबंध वस्तीत, कौतुकाचा विषय होता. मुले पाठीमागून येऊन टाळी वाजवत आणि ती उडाली की तिलाच बिलगून हसत.

"आजोबा, जाळं राहिलं," ती ओरडली.

म्हाताऱ्याने मागे वळून पाहिले नाही. वल्हे मारीत तो पैलतीरीच्या पाणकणसाच्या दाट बनाकडे गेला आणि त्यात दिसेनासा झाला. तिने आणखी दोनदा हाक मारली. बनातून एक बगळा उडाला, एवढेच.

ही तरुणी शहरातल्या महाविद्यालयात मत्स्यशास्त्र शिकून आली होती. टोलीच्या मच्छीमार संस्थेने तिला सल्ल्यासाठी ठेवून घेतले होते, आणि जे पुस्तकात नव्हते ते ती म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसून शिकत होती. जलाशयाची दशा तेव्हा वाईट होती. उन्हाळ्यात पाणी आटे, गाळ वर येई, गवत माजे, आणि पाण्यात श्वास घेण्याजोगे काही उरत नसे. पावसाळ्यात आशेने सोडलेले कटला आणि रोहू वैशाखातल्या पहाटे तोंडे वर काढून तडफडत, आणि उजाडेपर्यंत त्यांची पांढरी पोटे पाण्यावर तरंगू लागत. सलग चार वर्षे असेच झाले. तेव्हा तिनेच संस्थेच्या सभेत सुचवले होते की आपण मरळ सोडू. मरळ पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेते, वाईट पाण्यातही तग धरते, आणि बाजारात जिवंत विकली जाते.

लोकांनी म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हातारा म्हणाला, पोरगी खरे सांगते. एवढ्या शब्दावर टोलीने पिढ्यान्‌पिढ्यांच्या कटल्याला निरोप दिला, आणि मागच्या पावसाळ्यात मरळीची पिल्ले पाण्यात पडली.

त्यानंतर वर्षभर जाळी कोरी निघाली.

आरंभी थट्टा झाली. आठवडी बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांची म्होरकी दुर्पताबाई होती, तिची जीभ सगळ्यांत तिखट. ती म्हणे, "तुहा मासा लई लाजरा हाय व बाई. नव्या नवरीवानी माजघरातून भायेरच येत नाही." सगळे हसत, तरुणीही हसे, आणि घरी जाऊन रडे. मग दोन घरे वीटभट्टीवर कामाला निघून गेली आणि थट्टा थांबली. तेव्हा तिला कळले, की थट्टा होती तोवर बरे होते. ती पाळीवरून विचारी, "ओऽ, आज काही लागलं का?" एकाही डोंग्यातून उत्तर येत नसे. वल्ह्यांचा आवाज तेवढा येई.

हे मौन तिला फार लागे, त्याला एक कारण होते. त्या टोलीत एक जुनी रीत होती. पाण्यात असलेल्या माणसाने हाक दिली की ऐकणाऱ्याने ओ द्यायचीच, मग तो वैरी का असेना. जाळ्याच्या वाटणीवरून भांडलेले दोन सख्खे भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. पण धुक्यात एकाची हाक आली की दुसरा ओ देई, काठाला लागेपर्यंत देत राही, आणि मग पुन्हा तोंड फिरवून घरी जाई. वैऱ्याला ओ देणारी ही माणसे मला मात्र देत नाहीत, हे तिच्या मनातून जाईना.

शेवटी सभेने ठरवले. सगळ्यांनी विळे घेऊन उतरायचे, पाणकणसाचे बन कापून काढायचे, म्हणजे जाळी मोकळी फिरतील. आणि मग पुन्हा कटल्याचे बीज आणायचे. तरुणीने विनवून सांगितले की वैशाखात तो पुन्हा मरेल. कोणी ऐकले नाही. माणसाला ओळखीचे नुकसानही अनोळखी लाभापेक्षा जवळचे वाटते. म्हाताऱ्याने बन कापू नका असे म्हटले नाही. पुढल्या सोमवारपर्यंतचे आठ दिवस तेवढे मागून घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी तो जाळ्यावाचून निघाला.

पहिल्या दिवशी तो दुपारपर्यंत दिसला नाही, तेव्हा ती धावत दुर्पताबाईकडे गेली. आजोबा बुडाले असतील, असे तिचे म्हणणे. दुर्पताबाईने टोपलीवरून मानही वर केली नाही. "तो बुढा बुडत नाही," ती म्हणाली. "बुडलाच तं पाणीच त्याले कंटाळून काठावर आणून टाकीन."

संध्याकाळी म्हातारा आला. हात रिकामे, चेहरा प्रसन्न. तिने विचारले, मी इतक्या हाका मारल्या, ऐकू आल्या नाहीत का? आल्या, म्हणाला. मग ओ का दिली नाहीत? यावर त्याने भाताचा घास तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिला. आठही दिवस असेच गेले. ती पाळीवरून हाक मारी, तो ऐके, आणि गप्प राही. टोलीने तिच्याकडे पाठ फिरवलीच होती. आता गुरूनेही फिरवली, असे तिला वाटू लागले. रविवारी रात्री जेवण झाल्यावर मात्र तो म्हणाला, "उद्या माह्यासंग चाल."

सोमवारी ती डोंग्यात बसली ती दोन्ही कडा घट्ट धरून. महाविद्यालयात तिने पाणी काचेच्या नळीत घालून शंभरदा तपासले होते, पण पाण्यात कधी उतरली नव्हती. डोंगा बनाशी पोचला तेव्हा पलीकडच्या कडेने विळ्यांची सपसप सुरू झालेली होती. लोक आले होते. उंच पाणकणसामुळे ते दिसत नव्हते. आवाज मात्र हळूहळू जवळ येत होता.

"उतर," म्हातारा म्हणाला.

"किती खोल आहे?"

"गुडघ्याएवढं."

ती उतरली. पाणी कमरेला लागले. तिने रागाने वर पाहिले.

"खरं सांगतलं असतं तं उतरली असतीस का?" तो म्हणाला. "आता उभी राय. अन् काही शोधू नको."

ती उभी राहिली. पायाखालचा चिखल मऊ होता आणि अपेक्षेपेक्षा उबदार. बऱ्याच वेळाने हातभर अंतरावर टप्प असा बारीक आवाज झाला. एक काळे नाक वर आले, हवा घेतली आणि बुडाले. मग दुसरीकडे टप्प. मग तिच्या पाठीमागे. ती दचकली, पण ओरडली नाही. कारण त्याच क्षणी तिला पाणकणसाच्या मुळाशी कुणी कुंकू सांडावे तसा एक लाल पुंजका हलताना दिसला. मरळीची पिल्ले होती ती, हजारांनी, एकत्र वर येत, एकत्र खाली जात. आणि त्यांच्या खाली, सावलीसारखी संथ, राखण करणारी मोठी मरळ. माणूस इतक्या जवळ उभे असूनही ती हलली नव्हती.

तरुणीचे डोळे भरून आले. "हे इथे होतं?"

"वर्षभर होतं," म्हातारा म्हणाला. मग तो बोलला, आणि एरवीपेक्षा पुष्कळ बोलला. "कटला मधल्या पाण्यात फिरते, म्हणून आपला आजा मधल्या पाण्यात जाळं टाके, बाप टाके, आपणबी टाकतो. मासा बदलला. जाळं तेच, जागा तेच, येळ तेच. मंग सापडंल कसा? जो सोडलाच नाही तोच मासा आपण वर्षभर शोधत होतो, माय. हिले गळानं धरा लागते, बेडूक लावून, काठाकाठानं. अन् लाल पिल्लं दिसली तं तिथून मुकाट्यानं निघून जा लागते. मलेबी हे ठाव नव्हतं. जाळं हातात असलं का नजर मधल्या पाण्याकडंच जाते. म्हणून जाळं घरी ठेवलं."

विळे आता अगदी जवळ आले होते. बनाचे शेंडे थरथरू लागले. आणखी थोड्या वेळात हे मूळ, ही पिल्ले, सगळे कापलेल्या गवताबरोबर काठावर पडले असते.

"आजोबा, त्यांना थांबवा. हाक मारा."

"तू मार."

"माझ्या हाकेला कोणी ओ देत नाही. तुम्हीसुद्धा दिली नाहीत."

"कुठून मारत होतीस?"

ती म्हणाली, "पाळीवरून."

"पाळीवरून ठेकेदार हाक मारे," म्हातारा शांतपणे म्हणाला. "पाळीवरून सायेब हाक मारे. चार पिढ्यांपासून आमी ते हाक आयकली का मान खाली घालतो, वल्हं मारत राह्यतो. तू वाईट नाहीस व पोरी. तुही जागा आमच्या वळखीची हाय. तुलेबी मासाच बदलाचा होता, उभं राहाची जागा नाही."

तिने मान वळवून पाहिले. पाळ येथून फार दूर आणि फार उंच दिसत होती. तिथे उभे असलेले माणूस कसे दिसत असेल, हे तिने आजवर कधी पाहिलेच नव्हते.

तिने हाक मारली. बारीक आवाज निघाला. विळे चालूच राहिले.

म्हातारा वल्ह्यावर हात ठेवून बसून राहिला. तिने चिखलात पाय रोवले, ओले हात तोंडाभोवती धरले, आणि दुर्पताबाई धुक्यात देते तशी, लांबवर जाणारी, शब्द नसलेली हाक दिली.

"ओऽऽऽ..."

एक विळा थांबला. मग दुसरा. मग सगळेच. बनात इतकी शांतता झाली की मरळीने पुन्हा एकदा श्वास घेतलेला ऐकू आला.

आणि पाणकणसाच्या पलीकडून, तिखट आणि घाबऱ्या आवाजात, दुर्पताबाईची ओ आली. "ओऽऽ! कोन हाय व पाण्यात? हलू नको, माय, तिथंच राय. आम्ही येऊन राह्यलो."