चारोळीचं झाड

डोंगरात रस्ता यायच्या आधीची गोष्ट. उतारावर चारोळीचं एक झाड होतं. खालची फळं माणसांनी खायची आणि शेंड्याची पाखरांना ठेवायची, अशी वाडीची रीत होती.

एका उन्हाळ्यात फळं हिरवी असतानाच जेठ्या कुऱ्हाड घेऊन आला.

झाड म्हणालं, "पिकेपर्यंत थांब. फांदी नको तोडू, बाबा."

"मी थांबलो तर दुसरा कुणी नेईल," म्हणत जेठ्याने घाव घातला. आवाज ऐकून सगळी वाडी कुऱ्हाडी घेऊन धावली. संध्याकाळपर्यंत नुसता बुंधा उरला.

पुढच्या उन्हाळ्यात जेठ्याची लेक सुकरी टोपली घेऊन तिथं गेली. बुंध्यावर उपाशी बुलबुल बसला होता.

"झाड कुठं गेलं?" तिने विचारलं.

"तुझ्या बापाला विचार."

तिने घरी जाऊन विचारलं. जेठ्या खाली बघत म्हणाला, "लोकांनी तोडलं, बाय."