आंब्यावरचा दाट लेप

वाराणसीत जयसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व नंदिय नावाचा फळव्यापारी होऊन जन्माला आला होता. कोरफडीच्या गरात बाभळीचा डिंक विरघळवून तो आंब्यांना लेप देई. लेप पोटात गेला तरी बाधत नसे, आणि आंबा महिनाभर टिके. "एकच हात द्यायचा, तोही पातळ," तो सांगे. "झाडावरून उतरलं तरी फळ श्वास घेत असतं."

राजाची एकुलती लेक कांचना दूर गांधारात दिली होती. ती अंथरुणाला खिळली. वैद्यांनी आशा सोडली, तेव्हा तिने निरोप धाडला, माहेरच्या झाडाचा एक आंबा खायचा आहे.

बोधिसत्त्वाने बारा आंबे निवडले, लेप दिला आणि करंडा व उरलेल्या लेपाचे मडके रात्रीपुरते राजवाड्यात ठेवले. सकाळी राजाने मोहोरबंद करंडा त्याच्या हाती दिला. घोडे बदलत पंचवीस दिवसांत तो गांधारात पोहोचला.

कांचनेची सासू करंडा पाहून म्हणाली, "आमच्याकडे द्राक्षं काय थोडी पिकतात?" पण सुरी तिनेच आणून दिली.

आंबे हिरवेगार, तकतकीत होते. कापताच ताडीसारखा वास आला. बाराही आतून आंबले होते. सालीवर लेपाची जाड खपली होती. तिच्यात बोटांचे ठसे आणि अंगठीची खूण.

"बाबांची अंगठी," कांचना म्हणाली. "मला ताप आला की तीन-तीन पांघरुणं घालायचे. जीव गुदमरायचा." ती हसली. मग म्हणाली, "श्रेष्ठी, त्यांना हे कळू देऊ नका."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

वाराणसीत राजाने विचारले, "खाल्ला तिने?"

"नाही, महाराज. फळं आंबली होती."

"तुझ्या लेपामुळे?"

"लेपामुळेच, महाराज."

"माझी लेक वाट बघत गेली, आणि तू टिकाऊ माल म्हणून मिरवतोस."

एका वाक्यात बोधिसत्त्वाचा व्यापार वाचला असता. ते त्याने उच्चारले नाही. नगरात फळे विकायची त्याला बंदी झाली. उरलेले आयुष्य त्याने घाटावर ओझी वाहून काढले.

एवढे सांगून शास्ता भगवान समोरच्या भिक्षूंना म्हणाले, "नंदिय मीच होतो. जयसेन म्हणजे हा मागे बसलेला उत्तर नावाचा वृद्ध भिक्षू. तेव्हा त्याला हे सोसलं नसतं. आता सोसेल, म्हणून सांगितलं."

भिक्षू उत्तराने विचारले, "आणि कांचना, भगवन्?"

"ती तुझ्याआधीच भवसागर पार करून गेली. ठसे ओळखून ती हसली होती, एवढं लक्षात ठेव."

दुसऱ्याचे दुःख वाढू नये म्हणून निमूट दोष सोसणे, ही क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता.