शत्रूची साक्ष

बोरखिंड नावाच्या गावात हैबती नावाचा एक म्हातारा शिपाई राहत होता. त्याला डावा हात नव्हता. तरुणपणी शेजारच्या राज्याशी लढाई झाली, तेव्हा नदीच्या घाटावर तो मनगटापासून तुटला होता.

लढाया संपून खूप वर्षं लोटली. मग राजाला आपल्या जुन्या शिपायांची आठवण झाली. उशिरा का होईना, झाली. त्याने कायदा केला, की जखमी शिपायांना औषध, अन्न आणि निवारा मिळावा. त्यासाठी एक शिपाई-सेवा खातं उभं करावं. आणि घाटावरच्या जकातीचा चौथा हिस्सा त्या खात्याला द्यावा. कायदा चांगला होता. राजाने त्यावर शिक्का मारला आणि तो निश्चिंत झाला. राजेलोकांची ही खोडच असते. शिक्का उमटला की काम झालं, असं त्यांना वाटतं.

खात्यावर एक कारभारी नेमला गेला. त्याने आधी खात्यासाठी मोठी इमारत बांधली. मग कारकून ठेवले. कारकुनांवर नजर ठेवायला आणखी कारकून ठेवले. शिपाई येऊ लागले, तेव्हा त्याने कायद्याला आपलं एक कलम जोडलं: जखम राज्याच्या कामी झाली, हे डोळ्यांनी पाहिलेला एक शिपाई साक्षीला आणावा. त्याशिवाय काही मिळणार नाही.

हैबती तीन कोस चालत खात्यात गेला. थंडी पडली की त्याचं मनगट ठणकायचं, जुनी जखम चिघळायची. त्याला वैद्य हवा होता.

"साक्षीदार कुठे आहे?" कारभाऱ्याने विचारलं.

"माझ्यासंगं चौघं व्हते. चौघंबी तिथंच पडले."

"मग त्यांना घेऊन या," कारभारी मान वर न करता म्हणाला, आणि त्याने हैबतीच्या कागदावर लिहिलं, 'जखम सिद्ध नाही.'

बाहेर दारात चाळीस म्हातारे शिपाई बसले होते. कोणाला पाय नव्हता, कोणाला डोळा नव्हता. सगळ्यांच्या कागदावर तेच तीन शब्द होते.

घरी आल्यावर बायको सारजा म्हणाली, "जाऊ द्या. दोन घास आपण कसंबी खाऊ."

"घासाचं न्हाई गं. माझा हात खोटा ठरवलाय त्यांनी. हे म्या सोसणार न्हाई."

हैबती विचार करत बसला. चार सोबती मेले होते, हे खरं. पण ती जखम आणखी एकाने पाहिली होती. ज्याने तलवार चालवली, त्याने. त्याचं नावही हैबतीला आठवत होतं. त्या दिवशी त्याचे साथीदार ओरडत होते, "सुभाना, तोड! सुभाना, तोड!"

सारजेने भाकरी बांधून दिली. हैबती नावेत बसून पलीकडच्या राज्यात गेला. गावोगाव विचारत हिंडला. तिसऱ्या गावात त्याला सुभाना सापडला. तोही म्हातारा झाला होता, ओसरीवर दोरखंड वळत बसला होता. हैबतीने आपलं मनगट पुढे केलं.

सुभानाने दोरखंड खाली ठेवला आणि ते निरखलं. "घाटावरचा?"

"घाटावरचा."

सुभानाने आधी पाणी दिलं, मग सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "येतो मी. पर माझंबी एक काम हाय. ते मागनं सांगतो."

दोघे नावेतून परत आले आणि थेट राजाच्या दरबारात गेले. सुभाना लंगडत आत आला, तेव्हा कारभारी खवळला. "महाराज, हा तर शत्रू!"

"कलमात शिपाई लिवलंय," हैबती म्हणाला. "कुनाचा, ते लिवलं न्हाई."

राजाने सुभानाला बोलायला सांगितलं.

"आमाला तुमची नाव पळवायची व्हती. चार गडी आमी पाडले. ह्यो नावेचा दोर सोडंना. म्या ह्याचा हात तोडला. तर ह्यानं दुसऱ्या हाताला दोर गुंडाळला, अन् लाथ घालून मला खडकावर पाडला. माझी मांडी मोडली. नाव हितंच ऱ्हायली, म्हणून आमची फौज नदी वलांडू शकली न्हाई. आमच्याकडं हे पोराटोरांना ठावं हाय. तुमच्याकडं इचारावं लागतं?"

राजाने कारभाऱ्याला विचारलं, "आजवर किती शिपायांना मदत मिळाली?"

"छाननी चालू आहे, महाराज."

"मग जकातीचा पैसा कशावर खर्च झाला?"

"छाननीवर," कारभारी पुटपुटला.

राजा शरमला. त्याने हैबतीचा कागद मागवला आणि शिक्का हातात घेतला. पण हैबतीने कागदावर आपला उजवा हात ठेवला.

"नको, महाराज. माझं नशीब चांगलं, माझा वैरी जित्ता निघाला. खात्याच्या दारात चाळीस जणं बसलेत. त्यांचे वैरी मेले असले, तर त्यांनी काय करायचं? ते कलम काढा, न्हाईतर माझाबी कागद असाच ऱ्हाऊ द्या."

"महाराजांपुढे ही भाषा?" कारभारी ओरडला.

"घाटावर दोर सोडला न्हाई," हैबती म्हणाला, "तो हितं सोडू व्हय?"

राजाने शिक्का खाली ठेवला आणि ते कलम आपल्या हाताने खोडलं. नवा हुकूम निघाला. पुरावा शोधायचा तर खात्याने शोधावा, शिपायाने नाही. जकातीतून आधी औषध आणि अन्न द्यावं. उरेल त्यात कारकून ठेवावेत. इमारतीत शिपायांनी राहावं, आणि खात्याने घाटावरच्या झाडाखाली बसावं. त्याच दिवशी चाळीसही शिपाई आत गेले. सगळ्यांत शेवटी हैबतीने आपल्या कागदावर शिक्का घेतला.

बाहेर आल्यावर त्याने सुभानाला विचारलं, "तुझं काम काय व्हतं?"

सुभानाने कमरेचा एक चुरगळलेला कागद काढला. त्यावर त्याच्या राजाचा शिक्का होता. "आमच्याकडंबी असंच खातं निघालंय. माझी मांडी मोडताना कुनी पाह्यली, त्याची साक्ष मागत्यात."

हैबती मोठ्याने हसला. मग त्याने सुभानाला आपल्या खांद्याचा आधार दिला.

"चल," तो म्हणाला, "नाव सुटायच्या आत घाट गाठू."

तात्पर्य: ज्यांनी राज्य राखलं, त्यांना राज्याने दारात बसवून जखमेचे पुरावे मागू नयेत, आणि मागितलेच, तर आपल्या एकट्यापुरतं पदरात पाडून कोणी गप्प घरी जाऊ नये.