औषध कोणाला?

औशाचे डॉ. मन्मथ कोरे वीस वर्षं तापाखोकल्यावर औषधं देत होते. निम्म्या दुखण्यांचं मूळ मनात असतं हे उमगल्यावर ते पुन्हा शिकले आणि मनोविकारतज्ज्ञ झाले.

एकदा सभापती भाऊसाहेब थोरल्या भावाच्या विधवेला, गिरिजाबाईंना, घेऊन आले.

"ही दिवसभर एकटीच बडबडते. वेडी आहे असा दाखला द्या, म्हणजे तिच्या जमिनीचं मी बघतो."

डॉक्टरांनी गिरिजाबाईंना विचारलं, "एकट्याच का बोलता, ताई?"

"घरात माझ्याशी कोणी बोलतच नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: 'रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास वहिनींशी बोलणे.'

"यावर माझं नाव कसं?" सभापती खेकसले.

"औषध तुम्ही घ्यायचंय. गुण त्यांना येईल."

पुन्हा दाखला न मागताच भाऊसाहेब उठले, दारापाशी थांबले आणि म्हणाले, "चला, वहिनी."