तक्रार कुठून करायची

आंबेदऱ्यात मोबाइलला रेंज नव्हती. पार्वताबाई घोलपांच्या नवऱ्याचं हृदय कमकुवत झालेलं. शहरातले डॉक्टर त्याला दर आठवड्याला व्हिडिओवर बघायचे, तेही घरात नेट असेल तरच. दोन कंपन्यांनी वर्षाच्या बोलीवर नेट जोडून दिलं आणि महिन्याभरात पाठ फिरवली. तपासण्या चुकत गेल्या, माणूस खंगत गेला.

आता तिसऱ्या कंपनीचे मोठे साहेब चावडीत रंगीत पत्रकं मांडून बसले होते.

"साधा प्लॅन घ्या, नाहीतर सुपर घ्या. बंद पडलं तर चोवीस तासांत दुरुस्त."

"बंद पडलं हे तुम्हाला कळवायचं कसं?" पार्वताबाईंनी विचारलं.

"सोपं आहे, बाई. आमच्या वेबसाइटवर तक्रार टाकायची."

"म्हणजे विहिरीत पडलेल्यानं आधी वर यायचं, आणि मग ओरडायचं की मला वर काढा?"

साहेबांनी पत्रकं बाजूला सारून गिऱ्हाइकांच्या नावांची यादी पुढे ओढली.

"मग तुमच्या नावापुढे काय लिहू?" साहेबांनी हळूच विचारलं.

"सकाळची एस.टी. लिहा," पार्वताबाई उठत म्हणाल्या. "शहरात डॉक्टरांकडे पोचायला तीन तास लागतात, यांना उलट्या होतात. पण ती येते तरी."