चाळीस पावलांचा दोर

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावेसुद्धा पडली नव्हती तेव्हा, एका कड्याच्या पायथ्याशी अंबाडीचे दोर वळणारा एक माणूस आणि त्याची बायको राहत होती.

लांब दोर वळायला दोन माणसे लागतात. एकाने पीळ देत राहायचे, दुसऱ्याने चाळीस पावलांवर दुसरे टोक ताणून धरायचे. पीळ चढला की दोर आखडतो. तेव्हा धरणाऱ्याने नेमके पाऊलभर पुढे यायचे. उशीर झाला तर आतले धागे तुटतात, आणि बाहेरून ते दिसतही नाही. बायकोचे पाऊल कधी चुकले नाही. मध काढणारे त्यांच्याच दोराला लटकून कडा उतरत.

काम करताना बायको हसे. नवऱ्याला त्याचे सुख वाटे. मग एके दिवशी त्याच्या मनात आले, आपल्या पाठीमागे तर रस्ता आहे. ही माझ्याकडे बघून हसते, की माझ्या खांद्यावरून पलीकडे? असा प्रश्न कुणालाही पडू शकतो. तो मनात मुक्कामाला ठेवायचा की नाही, एवढेच आपल्या हाती असते.

तो वळून बघू लागला. रस्ता रिकामा दिसला तर त्याला वाटे, नुकताच कुणी गेला असेल. एकदा तिथे मध काढणारा तरुण दिसला. मग तर विचारायलाच नको.

"कोण गेलं गं मघाशी?"

"मला काय ठाऊक? मी दोर धरू की रस्ता राखू?"

"हसत होतीस ना!"

"मग हसूही नको का आता?"

ती हसेनाशी झाली. तेव्हा तो म्हणाला, "आता हसत नाहीस. म्हणजे तेव्हा काहीतरी होतंच."

शेवटी त्याने तिच्या जागी एक लाकडी खुंट रोवला. "हा बरा. कुणाकडे बघत नाही."

"तो पुढेही येत नाही, अहो," ती म्हणाली, आणि माहेरी निघून गेली.

खुंटाला ताणून वळलेला दोर दिसायला सुरेख झाला. महिन्याभराने तो तरुण काठी टेकत आला. पाय मोडला होता, हातात तुटलेला दोर होता.

"दादा, वहिनी कुठायत? हा त्यांनी धरलेला दोर नव्हे."

"तुला बरं कळतं रे!"

"सगळ्या डोंगराला कळतं, दादा. मी एकदा विचारलं होतं, पुढं कधी यायचं ते कळतं कसं? वहिनी म्हणाल्या, पीळ घट्ट झाला की ह्यांची जीभ लहान पोरासारखी बाहेर येते. ती दिसली की पाऊल टाकायचं. हसू आवरत नाही, एवढंच."

नवरा त्याच पावली सासुरवाडीला गेला. तिने पाणी दिले.

"चल घरी. चुकलं माझं."

"चुकलं खरं. पण आता तुमच्याकडे बघताना आधी मनात येईल, हे मला काय समजत असतील? तेवढ्यात पाऊल चुकेल. त्या दोराला माणसं लटकतात, अहो."

तो एकटाच परतला. पुढे आयुष्यभर त्याने वासरे बांधायची आखूड दावी तेवढी वळली, एकट्याला मांडीवर वळता येतात तशी. पीळ घट्ट झाला की त्याची जीभ अजून बाहेर येई. समोर चाळीस पावलांवर खुंट उभा असे.

बोध: आपल्यावर खिळलेल्या प्रेमाच्या नजरेवर जो पाळत ठेवतो, तो ती नजरच गमावून बसतो.