फुंकरीने न उडणारा कोंडा

"हे असलं नाव माझ्या वाड्यात चालायचं नाही. उद्या बदल!" गिरिधर राजाने हुकूम सोडला.

वाड्यातली कांडपीण ठकू आपल्या तान्ह्याला 'कोंडाजी' म्हणून जोजवत होती, तेवढंच निमित्त. हलक्या नावांचा राजाला भारी तिटकारा.

 ठकूची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मताच सटवीला चकवायला तिने त्याला शेजारणीला सूपभर कोंड्यावर विकून कोंडाजी नाव ठेवलं होतं. त्या नावानेच तो जगला, अशी तिची खात्री. नाव बदललं आणि पोर तापलं तर? तिने हात जोडले, पदर पसरला.

राजाने नाक मुरडलं. "अगं, कोंडा म्हणजे काय? फुंकर मारली की उडाला. पर्वत पेलतो तो गिरिधर! माझ्या नावात अख्खा पर्वत आहे. तुझ्या कोंड्यात तेवढं वजन उद्या दरबारात दाखव. काना-मात्रा बदलायची नाही. नाही जमलं तर नाव मी ठेवीन."

दरबारी फिदीफिदी हसले.

दुसऱ्या दिवशी ठकू पोराला घेऊन आली. सोबत तिच्या जोडीला कांडणारी मल्लम्मा. ही तेलंगणातली, मराठीचा गंध नाही. ठकूने खिडकीतून समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. मल्लम्मा म्हणाली, "कोंडा."

राजाने दरबारातल्या शास्त्रीबुवांकडे पाहिलं. तेलुगूत डोंगराला कोंडाच म्हणतात, असं ते खाली मान घालून पुटपुटले.

"मग काल का बोलला नाहीत?"

"महाराज हसत होते, म्हणून मीही हसलो."

ठकू म्हणाली, "नवी होती तेव्हा ही डोंगराकडे बघून कोंडा कोंडा म्हणत रडायची. गावाकडचा डोंगर आठवायचा तिला. मी खुळी, सूपभर कोंडा नेऊन दिला."

राजा तरी हटेना. "असेल डोंगर. पण पेलणारा मोठा की डोंगर?"

"मग पेला की, महाराज. नुसतं नाव काय मिरवायचं?" असं म्हणून ठकूने पोर राजाच्या मांडीवर ठेवलं.

कोंडाजीने राजाची मिशी धरली आणि रेशमी पीतांबर ओलाचिंब केला.

ठकू म्हणाली, "डोंगर म्हटला की झरा आलाच, महाराज."

राजा पोट धरून हसला. मिशी सुटेपर्यंत हसला. मग समोरच्या डोंगराच्या पायथ्याची जमीन त्याने तिथेच बक्षीस दिली. कोणाला, तेही स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कोंडाजीला!"